सात नंबरची नळी

वॉर्डात तिला सगळे साबणमावशी म्हणत, आणि तिला त्याचा असा तोरा की खऱ्या नावानं हाक मारली तर ओ देत नसे. बावीस वर्षं फरशी पुसणाऱ्या बाईला जे दिसतं, ते पुस्तकवाल्यांना दिसायला वेळ लागतो. तिनं पाहिलं होतं, जो जास्त दिवस पडून राहतो, ज्याच्या अंगात नळ्या, ज्याला आधीच मुठीमुठीनं अँटिबायोटिक चारलेली, त्यालाच तो हट्टी जंतू गाठतो. मग औषधामागून औषध, आणि जंतू आपला घरजावयासारखा ढिम्म.

म्हणून तिनं पद्धत काढली. कुणाला लघवीची नळी घातली की खाटेच्या दांडीला एक चिंधी बांधायची, रोज सकाळी एक गाठ. तीन गाठी झाल्या की डॉक्टरीणबाईंना अडवायचं, "बाई, ही अजून लागते, की विसरलात?" निम्म्या वेळा विसरलेल्याच असत.

आता सात नंबरवर तिची सख्खी आक्का होती. मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झकास झालेलं, आणि चिंधीला पाच गाठी. तिसऱ्या गाठीलाच मावशी बोलली असती, पण आक्कानं डोळ्यांत पाणी आणलं आणि ही विरघळली. त्यात आज शेजारच्या आठ नंबरवालीला हट्टी जंतू निघाला, तिला वेगळ्या खोलीत हलवलं. मावशी तडक आक्काच्या खाटेशी आली.

"आज नळी निघणार," ती म्हणाली.

"मुळीच नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा मला कशासाठी उठावं लागत नाहीये."

"ताप भरला म्हणजे कळेल."

"तू लहानपणापासून जळकी."

डॉक्टरीणबाई आल्या. मावशीनं छाती फुगवून चिंधी दाखवली. बाई ती बघतच राहिल्या.

"मावशी, ही धुता कधी?"

"चिंधी कशाला धुवायची?"

"आठची गाठ मारून सातची मारता ना? त्याच हातांनी?"

मावशीनं आपल्या हातांकडे पाहिलं. साऱ्या वॉर्डाला साबण लावणाऱ्या बाईनं जंतूंना खाटेखाटेवर झोपाळे बांधून दिले होते. आक्का इतकी हसली की खाट कुरकुरली.

"दिवस मोजता ते सोन्यासारखं," बाई म्हणाल्या. "फक्त दाराजवळच्या फळ्यावर मोजू. आणि आक्का, नळी आत्ता काढतेय. सहा तासांत आपणहून लघवी झाली नाही, तर मात्र परत घालावी लागेल."

मावशीनं चिंध्या कापून कचऱ्यात टाकल्या, दांड्या पुसल्या, कोपरापर्यंत हात धुतले. मग सुरू झाला तमाशा. आक्काला तिनं पेल्यामागून पेला पाणी पाजलं. बेसिनचा नळ सोडून ठेवला, म्हणे आवाजानं येते. झालं उलटंच, चार नंबरवाली, पाच नंबरवाली, दोघी उठून गेल्या. आक्का कोरडी.

"एवढे सगळे वाट बघत असले की कुणाला होईल गं?" आक्का कुरकुरली.

"बघत नाही, तोंडं फिरवतो," म्हणत साऱ्या वॉर्डानं भिंतीकडे तोंड केलं. प्लॅस्टरमधल्या आजीनं नुसती मान वळवली.

पाच तास उलटले. नर्सबाई नव्या नळीचं पाकीट घेऊन आल्या. आक्कानं त्या पाकिटाकडे पाहिलं आणि वॉकर मागवला. नर्सबाईंच्या आधारानं टुकटुक, टुकटुक करत मोरीपर्यंत गेली. दार लोटलं. साऱ्या वॉर्डानं कान दाराकडे लावले.

आतून आवाज आला, "झाली."

मग काय विचारता. टाळ्या काय, शिट्ट्या काय, प्लॅस्टरवाल्या आजींनी तर स्टीलच्या भांड्यावर चमचा वाजवला. आणि मावशी, जी तेवढ्यात नऊ नंबरचं लघवीचं भांडं उचलत होती, ती होती तशी धावली, हात पसरून, डोळे वाहत, आक्काला कवेत घ्यायला.

आक्कानं नर्सबाईंचा दंड घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं वॉकर आडवा केला.

"आधी हात," ती म्हणाली.

मावशी हसतहसत बेसिनकडे वळली. नळ अजून चालूच होता.