शेवटच्या पानावरचा 'गो'

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्यावरून आत वळलं की एका सोसायटीच्या तळमजल्यावर उत्तम परबचं वाचनालय आहे. तिथे आलेला माणूस पुस्तक हातात घेतो आणि आधी शेवटचं पान उघडतो. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात उत्तमने पेन्सिलीने एक अक्षर लिहिलेलं असतं. 'गो' म्हणजे शेवट गोड, 'क' म्हणजे कडू.

हे त्याने का सुरू केलं, ते त्यानेच मला सांगितलं. एका बाईंची आई हॉस्पिटलात होती. रात्री उशाशी बसून वाचायला म्हणून त्याने एक कादंबरी दिली, आणि कादंबरीत नेमकी आईच गेली. त्या बाईंनी पुस्तक अर्धवटच परत आणून दिलं, आणि तेव्हापासून उत्तम प्रत्येक पुस्तक स्वतः वाचून, खूण करूनच बाहेर देतो. पंचावन्न वर्षांचा हा बाप्या, ना लग्न ना कार्टं, मूळचा कणकवलीकडचा. जवळच्या एका रंगाच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, ठरत आलेलं लग्न त्याच महिन्यात फिसकटलं, आणि याने हे वाचनालय चालवायला घेतलं.

मी छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आता घरी मुलगा आणि सून दिवसभर लॅपटॉपशी बोलत असतात, म्हणून संध्याकाळी पाच ते आठ मी उत्तमकडे पंख्याखाली बसते आणि कोणी न मागितलेले सल्ले देते. त्याच्या त्या खुणेवरून आमचं कायम वाजायचं. शेवट आधी सांगणं म्हणजे पेपर फोडणं, असं माझं मत. तो म्हणायचा, "बाई, परीक्षा द्यायला कोण येतं इथे?"

उत्तम सगळ्या बायकांना ताई नाहीतर काकू म्हणतो, मला बाई म्हणतो. एकाच बाईला तो 'मॅडम' म्हणतो. ती चित्रा. ती इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, राहते विठ्ठलवाडीला. म्हणजे वाचनालयच हवं असेल तर मध्ये अख्खं कल्याण पडलंय. पण एकोणीस वर्षं दर शनिवारी साडेपाचला ती इथे येते, खिडकीजवळच्या खुर्चीत तासभर बसते, दोन पुस्तकं बदलते आणि जाते. लग्नाला तीन वर्षं होत होती तेव्हा तिचा नवरा साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. ती फक्त 'गो'ची पुस्तकं नेते. शेवटचं पान बघितल्याशिवाय तिने एकही पुस्तक पिशवीत टाकलेलं मी पाहिलेलं नाही.

शनिवारी पाच ते साडेपाचमध्ये उत्तम त्या खुर्चीवरची धूळ तीनदा पुसतो. आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

कोरोनानंतर सभासद गळायला लागले तेव्हा सान्वी नावाच्या आर्किटेक्चरच्या मुलीने त्याला जपानी चित्रकथा आणायला लावल्या. मांगा म्हणतात त्यांना. त्यातही प्रेमाच्या आणि विनोदी. उत्तमने रीतसर एकेक वाचून खुणा केल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सान्वी तणतणत आली.

"काका, काय यार! मी घरी जाऊन उघडलं, तर पहिल्याच पानावर 'गो'! पूर्ण स्पॉयलर!"

ती पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. वाचताना त्याने हे सांभाळलं, पण खूण करताना हात सवयीने तिथेच गेला. उत्तमने चाळीसच्या चाळीस पुस्तकांच्या दारातच शेवट टांगून ठेवला होता. मी पोट धरून हसले. तो बिचारा रबर घेऊन बसला, पण पाचव्या पुस्तकाला थांबला आणि सान्वीला म्हणाला, "पण मला एक सांग. हे दोघं एकत्र येणार हे तुला माहीत नव्हतं?"

"ते तर सगळ्यांनाच माहीत असतं, काका."

"मग मी फोडलं काय?"

या प्रश्नाने त्याला पछाडलं. हळूहळू इंग्रजी वाचत त्याने चाळीसही पुस्तकं दोनदा वाचली आणि मलाही वाचायला लावली. पहिल्या पुस्तकाला मी वैतागले. दोनशे पानं झाली तरी मुलाने मुलीचा हात धरला नव्हता. आमच्या काळात एवढ्या वेळात बारसं झालं असतं!

"बाई, गंमत वेगळीच आहे," उत्तम म्हणाला. "लिहिणाऱ्याला माहीत आहे की आपल्याला सगळं माहीत आहे. मुलगा आजारी पडला की मुलगी पेज घेऊन येणार. पाऊस आला की दोघांत एक छत्री. तो ज्या मुलीबरोबर दिसला ती त्याची बहीण निघणार. लहानपणापासूनची मैत्रीण असेल, तर ती हरलीच म्हणून समजा. आपण हे धरूनच बसतो. मग तो मुलाला ताप आणतो, मुलगी पेज घेऊन जाते, आपण खूश. दार उघडते मुलाची आत्या, आणि पेज तीच पिऊन टाकते! आपल्या अंदाजाचीच टोपी करून तो आपल्याला घालतो."

"आणि शेवटपर्यंत कोणी काही बोलत नाही," मी म्हटलं.

"बोलले की गोष्ट संपते ना. म्हणून तो बोलू देत नाही." हे मात्र तो हसून म्हणाला नाही.

त्याच आठवड्यात नव्याने आणलेल्या एका मालिकेचा तिसरा भाग त्याने टेबलावर उघडा ठेवला. जत्रेचा प्रसंग. मुलगा 'तू मला आवडतेस' म्हणतो, नेमकी तेव्हाच आतषबाजी फुटते. हा या पुस्तकांतला सगळ्यात घासलेला डाव. आवाजात शब्द बुडतात, मुलगी 'काय म्हणालास?' विचारते, तो 'काही नाही' म्हणतो, आणि वाचणारा कपाळावर हात मारतो. मीही हात कपाळाकडे नेला होता. पान उलटलं, तर मुलगी शांतपणे म्हणते, "ऐकलं मी."

"पुढे?" मी विचारलं.

"चौथा भाग आणला नाही मी. याला खूणही केलेली नाही." मग पेन्सिलीचं टोक बघत तो म्हणाला, "बाई, तीन वर्षांपूर्वी पाडव्याच्या शोभायात्रेला मॅडम आलेल्या. आपल्या पायरीवर उभ्या होत्या. समोर ढोलपथक. मी बोललेलो त्यांना. शनिवारी तुम्ही आलात की बरं वाटतं, तुम्ही मला आवडता, असं. ढोल एवढे जोरात होते की त्या नुसत्या हसल्या. मी म्हटलं, वाचलो."

"वाचलो? अरे गाढवा, परत बोल!"

"नको. ऐकलं असतं आणि येणंच बंद केलं असतं तर? एकोणीस वर्षांचे शनिवार आहेत ते, बाई. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

एवढं सांगितल्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी बसले नाही. छत्तीस वर्षं मुलांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून हाताला सवय झालेली. त्या शनिवारी उत्तम चहा सांगायला बाहेर गेला, तेव्हा मी तो तिसरा भाग चित्राच्या हातात दिला. जत्रेच्या पानात कागदाचा कपटा घातला होता. म्हटलं, "हे ने. यावर खूण नाही. उत्तमची हिंमत झाली नाही."

तिने कपटा घातलेलं पान उघडलं. वाचलं. पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं आणि चहा यायच्या आत निघून गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही.

उत्तमने खुर्ची पुसली, साडेपाच वाजले, सहा वाजले. मग त्याने मला विचारलं की तिसरा भाग कुठे आहे, आणि मला खोटं बोलता आलं नाही. एवढ्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "बाई, तुम्हाला पेपर फोडायची एवढी चीड, आणि माझाच फोडलात?"

मी सभासदांच्या कार्डांचा गठ्ठा उगाच नीट लावत बसले.

दुसरा शनिवार गेला. मी म्हटलं, फोन कर. "काय म्हणून करू? पुस्तकाला उशीर झाला म्हणून?" तिसरा शनिवारही गेला. त्या दिवशी त्याने खुर्ची पुसली नाही. मी माझी चप्पल अडकवली आणि घरी आले. दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसायची हौस असते ना, तिची किंमत दुसराच मोजतो.

चौथ्या शनिवारी साडेपाचला दारात चित्रा उभी. हातातली कापडी पिशवी एवढी जड की खांदा वाकलेला. आत येऊन तिने टेबलावर पुस्तकं रचली. एक उत्तमचं आणि सात दुसरी.

"उशीर झाला," ती म्हणाली. "हा तुमचा तिसरा भाग. बाकीचे सान्वीचे, चार ते दहा. पुढचे भाग तुमच्याकडे नव्हते, म्हणून तिच्याकडे मागितले. मला बघायचं होतं, सांगून झाल्यावर ते दोघं काय करतात."

उत्तमने तिसरा भाग जवळ ओढला. "काय करतात?"

"काही नाही. भांडतात. जेवतात. तो छत्री विसरतो, ती आणून देते. सात भाग झाले, अजून चालूच आहे." मग ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. खुर्चीवर धूळ होती, तिने पुसली नाही. "परब, पाडव्याला मी ऐकलं होतं."

मी उठून जायला हवं होतं. पण मी पंख्याखालची जागा सोडली नाही.

"मग बोलला नाहीत?" उत्तम म्हणाला.

"तुम्ही परत विचारलं नाहीत, म्हणून बरं वाटलं. विचारलं असतंत तर उत्तर द्यावं लागलं असतं. मला लग्न नकोय, परब. कोणाच्या घरी जायचं नाही, कोणाला घरी आणायचं नाही. ते एकदा करून झालं. पण तुम्ही मला आवडता. पाडव्याच्याही आधीपासून."

मी मनात केव्हाच मंगलाष्टकं म्हणून बसले होते, साडीसुद्धा ठरवली होती. उत्तमने मात्र टेबलाला हात टेकून इतका मोठा श्वास सोडला की समोरची वर्गणीची पावती उडाली. "मॅडम, लग्नाचं मी बोललोच नव्हतो. मला तर तेच टेन्शन होतं, की तुम्हाला तसं वाटेल आणि तुम्ही येणं थांबवाल."

"थांबवलं का?"

"तीन शनिवार."

"ते मी वाचत घालवले," चित्रा म्हणाली. आणि दोघंही हसायला लागले, आधी ती, मग तो, मग डोळे पुसत मीही. कोणाचंही लग्न ठरलं नव्हतं, आणि तरी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

चहा आला. तिने तासभर बसून तो प्यायला, नेहमीसारखा. निघताना नव्या पुस्तकांच्या फळीवरून एक कादंबरी उचलली आणि सरळ पिशवीत टाकली. शेवटचं पान उघडलं नाही. मी बघतच राहिले. उत्तमच्याही लक्षात आलं.

"मॅडम, खूण बघितली नाहीत. 'क' आहे तो."

"असू दे," चित्रा म्हणाली. "पुढच्या शनिवारी आणून देते."

उत्तमने तिच्या कार्डावर तारीख घातली.