अंदमानात करायच्या गोष्टी

औरंगपुऱ्यातल्या ट्रॅव्हल एजन्सीत सदाशिवराव बावीस वर्षं लोकांना अंदमानला धाडत होते. स्वतः गेले नव्हते. नळाला आठव्या दिवशी पाणी, त्यामुळं घरी कोणीतरी हवंच. त्या दुष्काळी वर्षी मालकानं तिकिटं दिली, तेव्हा शेजारच्या सुरेखाकडे किल्ली देऊन ते बायकोसह निघाले. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघायचं, एवढीच इच्छा होती.

हॉटेलात नळाला चोवीस तास पाणी होतं. शेवटच्या दिवशी होडी सुटताना सुरेखाचा फोन आला. "काका, पाणी आलं, पण मोटार चालू व्हईना."

बायको म्हणाली, "समुद्र कुठं जातोय? पाणी जाईल."

सदाशिवराव धक्क्यावरच थांबून मोटार कशी चालू करायची ते फोनवर सांगत राहिले. टाकी भरेपर्यंत होडी दिसेनाशी झाली होती.

आता गिऱ्हाईक विचारतं, "तिथं करायचं काय?"

"आंघोळ," सदाशिवराव सांगतात. "दिवसातून दोनदा."