तहानेची तक्रार

आमच्या घरात दुखण्याला दोनच वाटा होत्या. गप्प सोसायचं, नाही तर मागणी करायची. बाबा कल्याणात कामगारांसाठी पत्रकं लिहीत. त्यांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात सारखी तहान लागायला लागली, तेव्हा मी पाणी प्यायले आणि पत्रक लिहिलं. एक दिवसाआड येणाऱ्या नळावर. दर अर्ध्या तासाने लघवीला जावं लागे आणि बाजारातल्या बायकांच्या मुतारीला कुलूप. त्या कुलपाचा फोटो जोडून निवेदन दिलं. शीळफाट्याच्या वाहतूककोंडीत रिक्षातून उतरून पेट्रोलपंपाकडे धावले, परत येईपर्यंत रस्त्याविषयीच्या पत्रकाचा मजकूर डोक्यात तयार. चपलेची जखम तीन आठवडे भरेना, तर दोष खड्ड्यांचा. प्रुफं अंधुक दिसली, तर छापखान्यात जाऊन भांडले.

"ताई, शाई तीच आहे," छापखानेवाला म्हणाला. "डोळे दाखवा कुणाला तरी."

यातलं काहीच खोटं नव्हतं, हीच पंचाईत. नळ खरंच येत नव्हता. कुलूप खरंच होतं. खऱ्या कारणांची एवढी गर्दी होती की त्यांच्यामागे माझं शरीर मला दिसलंच नाही. सात किलो वजन उतरलं. "कार्यकर्ता असाच दिसतो," बाबा म्हणाले आणि मी खूश झाले.

मग आमच्या भागातल्या दवाखान्यात रक्ततपासणी सुरू करा, म्हणून साखळी उपोषण ठरलं. पहिल्या दिवशी बसणाऱ्यांत माझं नाव. पत्रकं छापून आली. आदल्या दिवशी सकाळी कळव्याची मैत्रीण गठ्ठे न्यायला आली. ती लॅबमध्ये काम करते.

"अगं, ही तिसरी बाटली."

"ऊन बघ ना किती आहे."

"पंख्याखाली बसलीयेस तू. रात्री लघवीला किती वेळा उठतेस? शुगर तपासलीस कधी?"

"चार-पाचदा. पण मी सव्वीसची आहे गं. आमच्यात कुणालाच शुगर नाही."

"मग काय, शुगर रेशनकार्ड बघून येते?"

तिने बॅगेतून मशीन काढलं, माझं बोट टोचलं. आकडा चारशेच्या वर गेला. तिने पत्रकांचे गठ्ठे बाजूला सारले.

"उद्या उपाशी बसलीस तर आडवी होशील. डॉक्टरकडे चल. आत्ता."

"नाव छापलंय."

"खोड मग!"

बाबा दारात उभे होते. जाहीर केलेला शब्द मागे घ्यायचा नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. मला वाटलं, आता ते तेच सांगतील. खरं तर त्यांनी सांगावं, असंच वाटत होतं. ते खाली बसले, खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या पत्रकावरचं माझं नाव खोडलं. मग दुसऱ्यावरचं. मग पेन तसंच उघडं टाकून म्हणाले, "चल, रिक्षा बघतो."

रिक्षात त्यांनी विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

नळाचं निवेदन कोणत्या तारखेला दिलं, ते मला सांगता आलं असतं. कुलपाचा फोटो किती वाजता काढला, तेही. पहिल्यांदा तहान कधी लागली, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं. आता डॉक्टरही हेच विचारणार होते, म्हणून मी निवेदनांच्या तारखांवरून मागे मोजायला लागले.