शंभरच्या आतला ताप

सोमवार, सकाळी दहा. हजर: मी, सासूबाई आणि थळच्या नाक्यावरचे औषधवाले.

या गृहस्थांना मी पंधरा वर्षं ओळखते, नाव कधी विचारलं नाही. महत्त्वाचा आकडा ते दोनदा उच्चारतात.

सासूबाई दोन दिवस गळून गेल्या होत्या. भाच्याने दिलेला नवा थर्मामीटर त्या स्वतःच बघत आणि सांगत, "शंभरच्या आत हाय." मी वहीत 'ताप नाही' लिहीत गेले. त्या दिवशी आम्ही टॉनिक मागायला गेलो.

औषधवाल्यांनी सासूबाईंच्या कपाळाला हात लावला आणि आमच्या पिशवीतला तोच थर्मामीटर लावायला सांगितला.

"एकोणचाळीस, एकोणचाळीस. दुप्पट अठ्ठ्याहत्तर, दहावा हिस्सा वजा, वर बत्तीस. एकशे दोन, आजी, एकशे दोन. हा सेल्सिअसवाला हाय."

"मग तसं मोठ्यानं लिहायला काय झालं होतं त्यावर?" सासूबाई म्हणाल्या.

टॉनिक त्यांनी दिलं नाही. दुकानाचं शटर ओढलं, अलिबागच्या डॉक्टरांकडे जायला रिक्षा स्वतः थांबवली आणि मला बजावलं, "आळीत आणखी कोनाकडं असला हाय का, बघा."

आळीतल्या घरांची यादी केली. सहा घरं विचारून झाली. सातव्या घरी एक म्हाताऱ्या काकू एकट्या असतात, त्यांचा ताप बघायला दुसरं कुणी नाही. त्यांचं दार अजून वाजवायचं आहे.