मागच्या चाकाचा आळ

ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरी आहे म्हटलं की लोक माणसाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. आमच्या गल्लीतल्या केरू शेजवळकडेही तसंच बघायचे. केरू होता स्टोअरमध्ये. मागितलेला माल फळीवरून काढायचा आणि खिडकीतून द्यायचा, एवढंच त्याचं काम. विमानाचा एक स्क्रूही त्यानं कधी आवळला नव्हता. पण कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाच्या सायकलची चेन उतरली, की बायका म्हणायच्या, केरूभाऊंना विचारा, ते विमानं बनवतात. सुरुवातीला तो हसून सांगायचा की बाई, मी स्टोअरला आहे. पुढं सांगायचं त्यानं सोडून दिलं, आणि हळूहळू त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं.

निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराकडून त्यानं जुनी राजदूत घेतली, तेव्हा गल्लीत मोटरसायकल म्हणून तेवढीच होती. केरूनं ती कधी मिस्त्रीला दाखवली नाही. रविवारी सकाळी गोणपाट अंथरायचं, रॉकेलचं घमेलं घ्यायचं आणि गाडी उघडायची. परत जोडताना एखादा वायसर, एखादा तुकडा हमखास उरायचा. केरू म्हणायचा, कंपनीवाले दोन-चार जिन्नस उगाच जास्तीचे घालतात. आम्ही हसायचो. त्याची बायको लंकाबाई हसायची नाही. ती उरलेला तुकडा उचलून खिळ्यांच्या डब्यात टाकायची आणि डबा भरला की भंगारवाल्याला द्यायची.

या रविवारांना केरूजवळ पायरीवर बसलेला असायचा तो भिका देवरे. भिका हायस्कुलात शिपाई होता. मूळचा कळवणकडचा, अभोण्याच्या पुढच्या एका खेड्यातला. समोरच्याच घरात बायको आशा आणि लहान मुलगी सायली यांच्यासह भाड्यानं राहायचा. स्वभावानं अगदी मवाळ. केरूपेक्षा चार-पाच वर्षांनी धाकटा असला तरी दोघांत अरे-तुरे होतं. एकाच्या घरी कालवण झालं की वाटी दुसऱ्याच्या घरी जायची. गावी भिकाची आई अक्काबाई एकटीच होती. ओझरला येऊन राहायला ती तयार नव्हती. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या शनिवारी भिका केरूची गाडी घ्यायचा, वणीवरून नांदुरीचा घाट चढून आईला भेटायचा आणि रविवारी संध्याकाळी परत यायचा. येताना गावच्या भुईमुगाच्या शेंगा आणायचा. आई दर वेळी विचारते, ‘तुना दोस्त बरा शे ना?’ असं तो केरूला सांगायचा, आणि केरूला ते ऐकायला फार आवडायचं.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात गाडीचं मागचं चाक कुरकुरायला लागलं. केरूनं निदान केलं, बेअरिंग गेले. गाडी स्टँडवर घेऊन त्यानं खाली वीट सरकवली, नटातली पिन काढली, नट सोडवला आणि एक्सल, म्हणजे चाकाच्या आरपार जाणारा तो लोखंडी दांडा, काढायला घेतला. दांडा गंजून बसला होता. खरं तर लाकडी ठोकळा धरून हळूहळू ठोकायला हवं. केरूनं सरळ लोखंडी हातोडा घातला. दांडा निघाला, जुने बेअरिंग निघाले, सगळं रॉकेलात धुऊन निघालं. नवे बेअरिंग बसवून त्यानं भरपूर ग्रीस भरलं आणि पान्याच्या मागं पाइप घालून, अंगातली सगळी ताकद लावून नट आवळला.

भिकानं चाकाला हात घालून ते फिरवून पाहिलं. एक फेरा पुरा व्हायच्या आतच चाक थांबलं.

“जरा जड फिरतंय का रे?” त्यानं विचारलं.

केरू म्हणाला, नवे बेअरिंग आहेत, जड फिरणारच. चालून चालून मोकळं होईल. भिकाला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यानं मान डोलावली.

कारखाना घरापासून जवळच होता आणि पावसाळाभर भिका गावी एसटीनंच गेला, त्यामुळं सहा महिने काही जाणवलं नाही. दिवाळी झाली आणि भिका गाडी घेऊन आईकडे गेला. रविवारी संध्याकाळी तो वेळेवर आला नाही. आला तो गाडी ढकलत आला. घाट उतरतानाच मागून आवाज यायला लागला होता. पिंपळगाव सोडल्यावर चाक डावी-उजवीकडे डुलायला लागलं. बसून चालवली तर गाडीचं आणखी नुकसान होईल म्हणून तो तिथून ओझरपर्यंत ढकलत आला. अंगातला सदरा घामानं चिकटला होता. शेंगांची पिशवी हँडलला तशीच होती.

केरूनं चाक उघडलं. बेअरिंगचे गोळे फुटून बाहेर आले होते. गल्लीतले लोक जमले होतेच. एवढ्या लोकांत, सहा महिन्यांपूर्वी स्वतः बसवलेले बेअरिंग फुटले, हे केरूला सहन झालं नाही.

“दुसऱ्याची गाडी म्हणून खड्ड्यात घातलीस,” तो म्हणाला. “फुकटचं मिळतं त्याची किंमत नसते माणसाला.”

भिका म्हणाला, “मी लय हळू आणली रे. आईशप्पथ.”

“आईची शपथ कशाला घेतो? आता परत हात लावू नको गाडीला.”

भिकानं पिशवी हँडलवरून काढून ओट्यावर ठेवली आणि घरी गेला. लंकाबाई तेवढं म्हणाली, की ज्याला गाडीची पर्वा नाही तो एवढ्या लांबून ढकलत येत नसतो. केरूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. 

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर भिका नाशिकला जाऊन नवे बेअरिंग घेऊन आला. “शेजवळभाऊ, हे तुमचे,” असं म्हणून त्यानं ते ओट्यावर ठेवले. त्या दिवसापासून तो केरूला तुम्ही म्हणायला लागला. केरूला ते टोचलं, पण त्याला वाटलं, चुकला आहे म्हणून नरमला आहे. तेच बेअरिंग त्यानं पहिल्यासारखेच बसवले, पहिल्यासारखाच नट आवळला. संक्रांतीनंतर तेही फुटले. या खेपेला गाडी दुसऱ्या कुणी नेलीच नव्हती. खरं तर तिथंच थांबून विचार करायला हवा होता. पण केरू गल्लीभर सांगत सुटला, की भिकानं डुप्लिकेट माल आणून माझ्या गळ्यात मारला. ते भिकाच्या कानावर गेलं. वाट्यांची ये-जा बंद झाली. सायली पूर्वी धावत येऊन राजदूतच्या टाकीवर बसायची, तीही यायची थांबली.

मग चैत्र आला. सप्तशृंगीची यात्रा भरली. त्या दिवसांत एसटीच्या बहुतेक गाड्या गडाकडे वळवलेल्या असतात आणि बाकीच्या भरून वाहतात. त्यातल्याच एका रविवारी दुपारी केरू अंगणात गाडी पुसत बसला होता. समोरच्या घरातून भिका बाहेर आला. हातात पिशवी, पायांत चपला. रस्ता ओलांडून तो केरूच्या कुंपणापाशी आला आणि उभा राहिला.

केरूनं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याला वाटलं, आला, शेवटी माफी मागायला आला. आता हाच आधी बोलू दे. असं मनाशी ठरवून त्यानं मान खाली घातली आणि चेन पुसायला घेतली. पुसलेलीच चेन तो परत पुसत राहिला. वर पाहिलं तेव्हा कुंपणापाशी कुणी नव्हतं. भिका फाट्याच्या दिशेनं भराभर चालत निघाला होता.

दुसऱ्या दिवशी आशाच्या शेजारणीकडून कळलं, अक्काबाई गेली. रविवारी सकाळी तिला झटका आला होता. गावातल्या कुणी तरी शाळेजवळच्या एसटीडी बूथवर फोन करून निरोप दिला होता, की जीव आहे, भिकाचं नाव घेते आहे, लवकर या. फाट्यावर भिकाला एकही बस मिळाली नाही. एका ट्रकनं त्याला वणीपर्यंत सोडलं. पुढं यात्रेच्या गर्दीतून थोडा पायी, थोडा जीपच्या टपावर, असा तो गेला. पोहोचला तेव्हा आईला अंगणात घेतलं होतं.

केरूनं हे ऐकलं आणि तो आत जाऊन बसला. त्याच्या दारात गाडी उभी होती, टाकी भरलेली होती. तिसऱ्यांदा बसवलेले बेअरिंग तेव्हा तरी धड होते. दहाव्याला लंकाबाई जाऊन आली. केरू गेला नाही. त्याच्यानं जाववलं नाही.

जूनमध्ये चाक पुन्हा वाजायला लागलं. आता एक बेअरिंग हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ भागात, असा अडकला, की केरूच्या हातोड्यालाही निघेना. निरुपायानं तो चाक खांद्यावर घेऊन फाट्यावरच्या काळू मिस्त्रीकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदाच. काळूनं बेअरिंग काढले, हबमध्ये बोट घालून पाहिलं आणि विचारलं, की मधली नळी कुठं आहे.

केरूनं विचारलं, कसली नळी?

काळूनं दुसऱ्या एका गाडीच्या चाकातली नळी काढून दाखवली. वीतभरसुद्धा नव्हती, साधा पाइपचा तुकडा. दोन बेअरिंगच्या मधे ती असते. नट आवळला की सगळा दाब ती घेते. ती नसली तर तोच दाब बेअरिंगवर येतो, चाक जड फिरतं आणि बेअरिंग फुटतात. किती का चांगले घाला, कितीही जपून चालवा, फुटणारच.

“कुठल्या गाढवानं बसवलं होतं हे?” काळूनं काम करता करता विचारलं. “नशीब कुणी मेलं नाय.”

गेल्या वर्षीच्या मेमधला तो रविवार केरूला आठवला. घमेल्याच्या तळाशी राहिलेला पाइपचा तुकडा आठवला. “हाही जास्तीचाच,” असं म्हणून त्यानंच तो लंकाबाईकडे दिला होता.

त्या संध्याकाळी केरू समोरच्या घरी गेला. भिका ओसरीवर सायलीच्या दप्तराचा पट्टा शिवत होता. त्यानं उठून खुर्ची दिली, आशाला चहा टाकायला सांगितलं. केरूनं चहा होईपर्यंतसुद्धा दम धरला नाही. नळीचं सगळं सांगितलं. चूक माझी होती, बेअरिंग तू आणलेले चांगले होते, मी लोकांत तुला बोललो, सगळं सांगितलं. मग विचारायचं नव्हतं तेही त्याच्या तोंडून गेलं.

“त्या रविवारी तू कुंपणापाशी आला होतास.”

“गाडी मागायला आलो होतो,” भिका म्हणाला. “तुम्ही वर पाहिलं नाही.”

“मागायची होतीस रे. हाक मारायची होतीस.”

भिका थोडा वेळ सुईत दोरा ओवत राहिला. मग म्हणाला, “हात लावू नको म्हणाला होता ना. धीर नाय झाला.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर केरूला बरं वाटलं असतं. भिकानं पुढं हेही म्हटलं, की जाऊ द्या, आईचं वय झालं होतं, गाडी असती तरी भेट झाली असती असं कशावरून. चहा झाला. केरू म्हणाला, गाडी तुझीच समज, केव्हाही ने. भिका हो म्हणाला. पण त्या गाडीला त्यानं परत कधी हात लावला नाही. दोन वर्षांनी त्यानं संस्थेकडे मागून कळवणच्या शाळेत बदली घेतली. सामान टेम्पोत चढवताना केरू मदतीला गेला, तेव्हा कपाट उचलायला माणसं आधीच ठरवलेली होती.

काळूनं नळी घालून दिली त्यानंतर राजदूतचं ते चाक वर्षानुवर्षं कुरकुरलं नाही. केरूनं पावसाळा संपला की एक्सल काढून, पुसून, ग्रीस लावून परत घालायची सवय लावून घेतली. ठोकताना लाकडी ठोकळा घ्यायचा, नट बेतानं आवळायचा, चाक हातानं फिरवून पाहायचा. आम्ही कुणी गाडी मागितली तर किल्ली आधी पुढं करायचा. पण पायरीवर बसायला त्यानं परत कुणाला बोलावलं नाही, आणि मिक्सर घेऊन येणाऱ्या बायकांना तो सांगायला लागला, की मी स्टोअरला आहे.

दोन हजार सहा साली सायलीचं लग्न ठरलं. भिका स्वतः ओझरला येऊन पत्रिका देऊन गेला. केरू आणि लंकाबाई आदल्या दिवशीच कळवणला गेले. केरूनं जुना सदरा मुद्दाम घातला होता, म्हणजे वाढायला, चुली पेटवायला बरं. पण मांडवात शिरताच भिकानं त्याला पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. फेटा बांधला, टॉवेल-टोपी दिली, व्याह्यांशी ओळख करून दिली, “हे आमचे ओझरचे शेजवळभाऊ, विमानाच्या कारखान्यात असतात.” ओझरच्या गल्लीतली बाकीची माणसं भांडी उचलत होती, पंगती वाढत होती, एकमेकांवर ओरडत होती. केरूनं उठून आमटीची बादली हातात घेतली, तर भिकाच्या चुलतभावानं ती हळूच काढून घेतली आणि म्हणाला, पाहुण्यांनी बसायचं.

केरू पहिल्या पंगतीला बसला. भिकानं स्वतः त्याच्या ताटात बुंदी वाढली, पुरे म्हटलं तरी आणखी वाढली, सावकाश जेवा म्हणाला आणि पुढच्या पानाकडे गेला. येताना बसमध्ये लंकाबाईनं विचारलं, जेवण कसं होतं. केरू म्हणाला, लय चांगलं होतं. वणी येईपर्यंत मग तो खिडकीतून बाहेर बघत होता.