खिशातला प्लग

आमच्या रिसालीच्या गाडी-दुरुस्तीच्या शेडमध्ये चहा तल्लफ आली म्हणून होत नाही, प्लग काढला म्हणून होतो. हायब्रिड गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि शिवाय मागच्या बाजूला एक मोठी बॅटरी. ती माणूस मारू शकते. म्हणून वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीवरचा नारिंगी प्लग उपसून काढायचा आणि आत साठलेला करंट उतरेपर्यंत थांबायचं. किती थांबायचं, तर चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत. हे माप माझ्या नवऱ्याचं.

दुसरा कायदाही त्याचाच. शेड सुरू करण्याआधी तो स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन होता. तिथे ज्यानं लाईन बंद केली त्यानंच ती चालू करायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आमच्याकडे हा कायदा असा आला, की ज्यानं प्लग काढला तो त्याच्याच खिशात राहणार आणि परत तोच लावणार. मी आयटीआय केलेली, मीटर माझ्या हातात असायचा, तरी त्यानं काढलेला प्लग लावायची मला मुभा नव्हती. मी चिडायची. पुढे मीही माझ्या ॲप्रनला खोल खिसा शिवून घेतला.

ती पांढरी गाडी नेहरू नगरच्या एका रिटायर मास्तरांची. सकाळी वॉर्निंगचा दिवा लागायचा, दुपारी आपोआप विझायचा. दोन ठिकाणी दाखवून झाली होती, दोघांनीही बॅटरी बदला म्हणून सांगितलं. त्यानं प्लग काढला, चहा झाला, आणि आम्ही वायरिंगचा एकेक फाटा सोडवत गेलो. तो कनेक्शन काढायचा, मी मेगर लावून करंट कुठे बॉडीत गळतोय ते बघायची. एसीच्या कंप्रेसरवर काटा पडला. कुठल्याशा दुकानात त्यात साध्या गाडीचं तेल भरलं होतं. हायब्रिडचा कंप्रेसर या मोठ्या बॅटरीवरच चालतो, त्याला ते तेल चालत नाही. बॅटरी ठणठणीत होती. आम्ही दोघं इतके खूश झालो की चहा परत झाला.

नवा कंप्रेसर यायला वेळ होता. मास्तर म्हणाले, मी मुलीकडे रायपूरला चाललो, सावकाश करा. त्याच आठवड्यात नवऱ्याला पुण्याहून फोन आला, इलेक्ट्रिक बसच्या डेपोत नोकरीचा. अर्ज मीच भरायला लावला होता. तेव्हा मोठ्या तोंडानं म्हटलं होतं, शेड मी सांभाळते. घाईघाईत डबा बांधला, दुर्गला रेल्वेत बसवून दिलं आणि शेडवर येऊन कामाला लागले.

दिवसभर गिऱ्हाइकांशी हिंदी. आमच्या गल्लीत मराठी घरं आहेत, पण पोरं दारातच हिंदीवर येतात. माझी मराठी त्याच्याशीच होती, भांडणासकट. तो गेल्यावर ती तोंडातच राहू लागली. मला करमत नव्हतं, सरळ सांगते. एखादा फॉल्ट सापडला की मान आपोआप त्याच्या स्टुलाकडे वळायची.

कंप्रेसर आला. मी एकटीनं बसवला, योग्य तेल भरलं, मेगर लावला, काटा कुठेच पडला नाही. आता फक्त प्लग लावायचा, आणि प्लग कुठेच नाही. शेल्फ उपसलं, डिकी पाहिली. मग एकदम लख्ख आठवलं आणि फोन लावला.

"अवो, तुमच्या त्या निळ्या शर्टाचा खिसा पाहा बरं."

बराच वेळ नुसती खुडबुड. मग तो बारीक आवाजात म्हणाला, "खिशातच हाये वं."

मी हसले, तोही हसला.

"पाठवून देतो," तो म्हणाला. "ओळखीचा एक जण उद्या दुर्गले येऊन राहिला. त्याच्याजवळ देतो, तू लावून टाक."

"मी नाही लावत. ज्यानं काढला त्यानंच लावाचा."

"कावून? अवं, गाडी अडून पडली ना तिथी."

मला करमून नाही राहिलं, म्हणून, हे उत्तर होतं. ओठावर आलंही होतं. पण निघालं भलतंच. "कायदा तुमचाच हाये," मी म्हटलं.

तो म्हणाला, "बरं. सुट्टी मांगून पाह्यतो."

तो आला. घरी न जाता दुर्ग स्टेशनहून बोरसीच्या रस्त्यानं रिक्षा थेट शेडवर आणली. बॅग खाली ठेवली, खिशातून प्लग काढला, रुमालात गुंडाळलेला, आणि नेहमीसारखं विचारलं, "हात दूर?" गाडीपाशी मी एकटीच होते. "दूर," मी म्हटलं. प्लग खटकन बसला, गाडी तयार असल्याचा हिरवा दिवा लागला. मास्तर संध्याकाळी येऊन गाडी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. दारात त्यानं शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला. "पाह्य, या टायमाले खाली हाये." मी हसले, वेंधळे कुठचे म्हटलं. शेडमध्ये तेव्हा दुसरी गाडी उभी होती. तिचा प्लग सकाळी मीच काढलेला, माझ्या ॲप्रनच्या खिशात होता. तो हळूच त्याच्या बॅगेत सरकवावा असं फार वाटलं. पण ज्यांची गाडी, त्यांचा काय दोष? खिशातल्या खिशात मी तो घट्ट धरून उभी राहिले. रिक्षा कोपऱ्यावर वळली तेव्हा मात्र वाटलं, सरकवायला हवा होता.