बाथरूमबाहेरचा पाट

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ गर्दचं व्यसन सोडून ठाण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातून डोंबिवलीला परत आला, तेव्हा बाबांनी सत्यनारायण घातला. शेजाऱ्यांना सांगितलं, कावीळ झाली होती. पूजेनंतर देवासमोर त्याला शपथ घ्यायला लावली. तो रडला, आई रडली, मीही. रडून झालं की प्रश्न सुटला, असं समजायची आमच्या घरात पद्धतच होती.

केंद्रातल्या बाईंनी निघताना मला बाजूला घेतलं होतं. "परत घेतलंच, तर आधीइतकं घेऊ नको म्हणावं. शरीराची सवय मोडलीय, झेपणार नाही. आणि एकट्यानं तर नाहीच. बाथरूमची कडी काढून टाका."

मी भडकले. "तुम्ही सोडवता की शिकवता?" घरी कुणाला काही बोलले नाही. मी बँकेत नोकरीला, एम.ए. झालेली, मला फार अक्कल होती.

महिन्याभरात बाबांना बाथरूमचं दार तोडावं लागलं. आत तो निळा पडलेला, सुई तिथेच. दवाखान्यात थोडक्यात वाचला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "शपथ मोडलेली ना, तुम्हाला कसं सांगणार?" तेव्हा मी बाबांना त्या बाईंचं बोलणं सांगितलं. त्यांनी नवं दार बसवलं, कडी बसवली नाही.

पुढे एका रविवारी दुपारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "ताई, आज नाही राहवत. बाहेर बसशील?"

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी पूजेचा पाट काढला आणि बाथरूमच्या दाराबाहेर बसले. सारखी विचारत होते, "आहेस ना?" आतून यायचं, "आहे." इतकी लाज आणि इतकी भीती मला एकदम कधीच वाटली नव्हती.

अशी किती वेळा बसले, आठवत नाही. आई तेवढा वेळ देवळात जाऊन बसायची. केंद्रातून गोळ्या चालू होत्या. मधले दिवस वाढत गेले. सुटला म्हणावं असा दिवस काही उजाडला नाही. त्याने मला बोलावणं तेवढं थांबलं.

आता आई-बाबा नाहीत. भाऊ पन्नाशी ओलांडून गेलाय. तरी तो अंघोळीला गेला आणि पाण्याचा आवाज थांबला, की मी गॅस बारीक करते आणि स्वयंपाकघरातून विचारते, "आहेस ना रे?"

"आहे गं, ताई."

मग मी गॅस मोठा करते.